देवाच्या गाईने न घेतलेला घास

आत्याबाई, ही मी, तुमची सून. तुम्ही गेलात तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं. पुढे नातीच्या पाटीवर तिच्याबरोबर गिरवत गिरवत शिकले, आणि का शिकले तेही सांगून टाकते. घरात आलेला कागद दुसऱ्याने वाचून दाखवला की मला वाटायचं, हा मधलं काहीतरी गाळतोय. माझा स्वभाव तुम्हाला नवा नाही. गवळ्याच्या दुधात मी अजून बोट बुडवून पाहते. सूनबाई म्हणते, तुमच्यासमोर देव उभा राहिला तरी तुम्ही त्याला गाव विचाराल. विचारीनच. पण एका गोष्टीचा संशय मी उभा जन्म धरून बसले, आणि ती गोष्ट गेल्या महिन्यात भलतीच निघाली. ती जिच्याशी बोलायची ती तुम्ही, आणि तुम्ही तर नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मुळशीचं आपलं गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते कोरडंच उभं राहतं. भाताची खाचरं, उंबराखालचं शंकराचं देऊळ, देवळाला चिकटून आपलं गुरवाचं घर, आणि पायरीशी उभी असलेली ती तांबडी गाय, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिला नाव नव्हतं. जी देवाला सोडली तिला माणसाने कशाला नाव ठेवायचं, असं तुम्ही म्हणायचात. सगळे तिला देवाची गाय म्हणत. तुम्ही एकट्या तिला म्हातारे म्हणायचात, ती तरणी होती तेव्हापासून. वरच्या वाडीतल्या एका धनगराच्या मेंढ्यांवर रोग आला होता, त्याने देवाला बोलून ठेवलं आणि मेंढ्या वाचल्यावर ही कालवड आणून पायरीशी सोडली. आईवेगळी होती. तुम्ही तिला कापडाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलंत. तुमचा लेक तेव्हा रांगत होता, आणि आधी कालवडीचं पोट भरायचं, मग लेकाचं, हे ते स्वतःच मला तक्रारीच्या सुरात सांगायचे. तिचं दूध देवाच्या पिंडीवर पळीभर, बाकीचं गावातल्या बाळंतिणीला. चार वासरं झाली, चारही ज्याचा बैल मेला त्याच्या दावणीला गेली. तिला स्वतःला कधी दावं लागलं नाही. कुणाच्याही शेतात शिरली, दोन घास खाल्ले, तर शेताचा धनी हात जोडून उभा राहायचा. हे पाहून मला नव्या नवरीला हसू यायचं. मी उरवड्याची, आमच्याकडे गाय शेतात शिरली की आधी काठी निघते.

सकाळची पूजा झाली, घंटा वाजली, की ती निघायची. दारोदार. प्रत्येक घरातली बाई पहिली भाकरी गुळाचा खडा ठेवून बाजूला काढायची आणि ती दाराशी आली की तिच्या तोंडाशी धरायची. तिने घेतला की घरच्यांनी जेवायचं. इथवर सगळीकडे असतंच. पण आपल्या गावाने त्याच्यापुढे एक ठरवून ठेवलं होतं, की ज्या घराचा घास ती घेणार नाही त्या घरात काहीतरी खोट आहे. आधी हे चेष्टेत होतं. वीस सालानंतर धरणाचं काम सुरू झालं आणि चेष्टा संपली. आपली जमीन जाणार, गाव जाणार, म्हणून माणसं कामावर जाऊन बसली, धरून नेली, तुरुंगातून परत आली, आणि तोवर भिंत चढतच होती. मग ज्याने त्याने शेजाऱ्याकडे बघायला सुरुवात केली. हा पौडाच्या कचेरीत कशाला गेला होता, त्याच्याकडे परवा कोण पाहुणा होता, कुणी चोरून कागदावर अंगठा उठवला. विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबायच्या, आणि मी निघाले की त्या माझ्याबद्दलच बोलत असणार अशी माझी खात्री असायची. त्या दिवसांत गावाला न्याय करायला गाय सापडली. तिने खालच्या आळीच्या एका शेतकऱ्याचा घास नाकारला आणि चार दिवसांत त्या घराशी कुणी बोलेना. त्याची बायको देवळात येऊन रडत बसली. तुम्ही तिला काय म्हणालात ते मला शब्दाशब्दाने आठवतं.

"अगं, तव्यावरली भाकर तशीच तिच्या तोंडाशी नेलीस. पोळंल न्हाई व्हय तिला? जरा निवू दे की."

दुसऱ्या दिवशी तिने निवलेली भाकरी धरली आणि गाईने खाल्ली. तरी गाव काही मानलं नाही. मी तुमच्या मागे उभी राहून हे सगळं ऐकलं होतं, आत्याबाई. गाय ही गाय असते, हे तुमच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, हे मी पाहिलं होतं. वेळ आली तेव्हा तेच नेमकं विसरले.

आता माझं. माझं पहिलं बाळ तुम्हाला आठवत असेलच, कारण ते तुमच्याच हातात गेलं. श्रावणात नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती, सुईण पलीकडे आणि मी अलीकडे. तुम्ही एकटीने जे होईल ते केलंत. त्याबद्दल माझ्या मनात कधीच काही नव्हतं. पण दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी मनाशी गाठ मारली, की हा पावसाळा मी इथे काढणार नाही. गाव तसंही रिकामं व्हायला लागलं होतं. भिंत बरीच वर आली होती, पुढचं पाणी कुठवर चढेल हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. तुमचा लेक तयार होता, माझ्या भावाने उरवड्याला दोन खोल्यांची जागा बघून ठेवली होती. अडून होतात त्या तुम्ही.

"गाय हाय तवर मी हितनं हलायची न्हाई. तिला घाट चढवायचा न्हाई आन् तिला टाकून मी जायची न्हाई."

आणि तुम्हाला टाकून तुमचा लेक जाणार नव्हता. म्हणजे हिशेब सरळ होता. गाय वीस वर्षांची, दात झिजलेले, मागचे पाय लटपटणारे, आणि माझ्या पोटातलं पाच महिन्यांचं. दोघांपैकी कोण आधी, एवढंच बघायचं होतं. मी सकाळी उठले की आधी तिच्याकडे बघायची. ती उभी असली की मी पावसाळ्याला उरलेले दिवस मोजायची. हे मी कुणाला बोलले नाही. उलट तिच्यापुढे कोंडा जरा जास्तच टाकायची, तुम्ही बघत असलात की. तुम्हीही माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, तुम्हाला सगळं कळतंय. हिला म्हायेरी जायचंय, असं तुम्ही एकदा वन्संना म्हणालात ते मी भिंतीआडून ऐकलं. त्याच आठवड्यात मी एका कासाराच्या हाती भावाला चोरून निरोप धाडला, की वैशाख सरायच्या आत गाडी घेऊन ये, काही झालं तरी ये.

तो दिवस. तुम्ही सकाळीच वरच्या वाडीला गेला होतात, त्या धनगराची म्हातारी आजारी होती म्हणून. घास द्यायचं काम माझ्याकडे. गाय हल्ली गावात फिरत नव्हती, उंबराखालीच बसून असायची, लोकच घास घेऊन यायचे, पण पहिला आपल्या घरचा. मी तांदळाची भाकरी केली, निवू दिली, गुळाचा खडा ठेवला, तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला आणि मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिने पुन्हा मान फिरवली. मी तिच्या ओठाला भाकरी टेकवली, तर तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, हिला कळलं. कासाराकडचा निरोप, रोज सकाळचं माझं बघणं, सगळं हिला कळलं. आणि आता लोक येतील, गुरवाच्याच घरचा घास देवाच्या गाईने टाकला हे बघतील, आणि ती खोट कुठली म्हणून माझ्या पोटाकडे बोट दाखवतील. देवळाकडे कुणाच्या तरी वहाणा वाजल्या. मी भाकरी पदराखाली घेतली, गोठ्यामागे गेले आणि शेणाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पुरून टाकली. हात धुऊन परत आले, तर खालच्या आळीचा तोच शेतकरी दोन पेंढ्या हिरवा चारा तिच्यापुढे टाकून चालला होता. तिने तोही हुंगला नाही.

दुपारी तुम्ही आलात. डोक्यावरचा पदर सारखा करत आधी तिच्याजवळ गेलात, मग माझ्याकडे वळून विचारलंत, "घास घेतला का तिनं?"

"व्हय."

"समदा?"

"समदा घेतला."

तुमचा चेहरा खुलला. दोन दिवसांपासून ती तोंडात घेतलेला घासही मागाहून टाकून देत होती, हे तुम्हालाच ठाऊक होतं, मला नव्हतं. आत्याबाई, मी तेव्हा खरं बोलले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, आता ती चालली, आणि तिच्याजवळ बसला असतात. एवढंच झालं असतं.

ती गेली ती अशी, की जवळ असलेल्यांनाही नेमकी कधी ते कळलं नाही. उन्हं कलायला लागली होती. पुढचे पाय पोटाशी घेऊन ती देवळाकडे तोंड करून बसली होती. तुम्ही तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होतात आणि वाडीवरच्या म्हातारीचं काहीबाही तिला सांगत होतात. तिने मान हळूच तुमच्या मांडीवर टेकवली. तुम्ही बोलतच राहिलात. थोड्या वेळाने तुम्ही मधेच म्हणालात, "पाणी आन गं पोरी, देवाचं." मी तीर्थाचं भांडं आणलं. तुम्ही पळीने तिच्या ओठात दोनदा सोडलंत. एकदा आत गेलं, एकदा बाहेर ओघळलं. तडफड नाही, हंबरणं नाही. मी तिच्याइतकं शांत मरण पुढे माणसांतसुद्धा पाहिलं नाही. तुम्ही रडला नाहीत. "गेली माजी म्हातारी," एवढंच म्हणालात, आणि मांडी हलवली नाहीत.

गाव मात्र शांत राहिलं नाही. देवाची गाय अशी बसल्या बसल्या कशी जाईल, कुणीतरी काहीतरी घातलं. खालच्या आळीच्या त्या शेतकऱ्याने सकाळी चारा टाकलेला दोघांनी पाहिला होता, आणि त्याचाच घास तिने मागे नाकारला होता. झालं. त्याला चौघांनी दंडाला धरून आणलं. मी खांबाला टेकून उभी होते. शेणात काय आहे ते मला ठाऊक होतं आणि मी ब्र काढला नाही. तेव्हा तुम्ही गाईच्या अंगावर हात ठेवून उठलात.

"सोडा त्याला. चारा हितं तसाच पडलाय, डोळं फुटलं का तुमचं? वय झालं तिचं. तिच्या मरनात कुनाचा हात न्हाई. माज्या मांडीवर गेली ती, मला इचारा."

तुमच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. उंबरापलीकडे खड्डा खणला, त्यात मीठ टाकलं, तिला हळदकुंकू लावलं, तुमचं हिरवं लुगडं तिच्यावर घातलं. ज्यांनी त्या शेतकऱ्याला धरलं होतं त्यांच्याच बरोबरीने त्याने माती लोटली. दिवस मावळायच्या आत सगळे नदीवर आंघोळीला गेले. तुम्ही मागे राहिलात. म्हणालात, तिचं शेवटचं शेण काढून ठेवते, देऊळ सारवायला होईल. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी भाकरी काढून टाकायला ढिगाकडे गेले. ढीग थापून सारखा केलेला होता, तुमच्या पाचही बोटांच्या खुणा वर. भाकरी नव्हती. मी आत आले तर तुम्ही चुलीपुढे बसला होतात. माझ्याकडे बघून म्हणालात, "चूल पेटव. भूक लागली असंल तुला." एवढंच. मी वाट बघत राहिले, आता विचाराल, मग विचाराल. तुम्ही नाही विचारलंत. तिसऱ्या दिवशी माझा भाऊ गाडी घेऊन दारात. तुम्ही त्याला गूळपाणी दिलंत आणि सहज म्हणालात, "लई लौकर कळलं तुला गाय गेल्याचं." आणि माझा भोळा भाऊ म्हणाला, "न्हाई बा, गाईचं आत्ताच ऐकतुया. आक्काचा निरोप येऊन आठ दिस झालं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी भांडी बांधत होते, ती बांधतच राहिले. पुरलेली भाकरी, खोटं बोलणं, आणि आता ही गाडी. तुमच्या जागी कुणीही काय समजलं असतं ते मला लख्ख दिसत होतं. तुम्ही देवाला हात जोडलेत, उंबरापलीकडची चिमूटभर माती पदरात बांधलीत आणि गाडीत बसलात.

पुढची चौदा वर्षं आपण उरवड्याला एका चुलीवर काढली. माझा मुलगा तिथेच झाला, सुखरूप. तुम्ही त्याला तळहातावर वाढवलंत. पण रोज, एक दिवस न चुकता, मी तव्यावरून पहिली भाकरी उतरवली की तुम्ही तिचा तुकडा मोडून आधी स्वतः खायचात, मग लेकाला आणि नातवाला वाढायचात. हे तुम्ही आधी कधी करत नव्हता. मी ते मोजत होते, आत्याबाई. माझ्या हातचं अन्न तुम्ही पारखून घेताय, हे मनाला इतकं लागायचं की कितीदा पीठ मळताना परात फेकून द्यावीशी वाटली. एकदाच तोंडातून गेलं, "इख न्हाई त्यात." तुम्ही चावायच्या थांबलात. मग म्हणालात, "मीठ बघतीया." मी तेही खोटंच धरलं. तुम्ही शेवटच्या दुखण्यात होतात तेव्हा सगळं सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा वाटलं, मरताना तुम्ही मला गाईची मारेकरीण म्हणालात तर ते मला जन्मभर पुरेल. म्हणून तोंडात पाणी घातलं आणि गप्प बसले.

गेल्या महिन्यात वन्सं आल्या होत्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत, दात नाहीत, ऐकू कमी येतं. मी त्यांना दुधात भाकरी कुस्करून दिली. खाता खाता म्हणाल्या, "आयनं एकदा शेनातली भाकर धुऊन खाल्लती, ठावं हाय का वैनी तुला?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "कवा?"

"देवाची गाय पुरली त्या सांजंला. समदी नदीला गेलती, म्या लुगडं न्यायला माघारी आलते. आय शेन काडत हुती, त्यात घावली. गूळबी तसाच. हौदावर धुतली आन् देवळामागं बसून समदी खाल्ली. म्या म्हनलं, आय, काय करतीस. तर म्हनली, गप, वैनीला बोलू नगंस, पोटुशी हाय ती. मग सकाळी उठून मलाच म्हनली, झालं, काय न्हाई त्यात."

वन्संना वाटतं, देवाचा घास शेणात जाऊ नये म्हणून तुम्ही तो खाल्लात. तुम्हीही त्यांना तसंच काही सांगितलं असेल. पण झालं, काय नाही त्यात, हे भाविक माणसाचं बोलणं नाही. तुम्हाला माझा संशय आला होता. आणि तुम्ही चावडीवर गेला नाहीत, लेकाला बोलला नाहीत, माझी मानगूट धरली नाहीत. ती भाकरी स्वतः खाऊन बसलात. दुसऱ्या दिवशी मी ढिगात हात घालत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की मी निर्दोष आहे. गाडी आली तेव्हाही ठाऊक होतं. चौदा वर्षं संशय होता तो एकट्या माझाच, आणि तुम्ही खरोखरच मीठ बघत होतात. का नाही सांगितलंत मला? सांगितलं असतं तर आधी संशय घेतला होता हेही सांगावं लागलं असतं, म्हणून? की मी बोलेन म्हणून वाट बघत राहिलात? मी रडले, आत्याबाई. या वयात, सूनबाईसमोर, चुलीतला धूर म्हणायला चूलही नाही आता घरात.

तेव्हा हे घ्या, उशिरा का होईना. गाईला मी काही घातलं नाही. ती जावी असं मात्र रोज वाटत होतं, आणि ती गेली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हा कागद कुणाच्या हाती पडू नये म्हणून मी तो घडी करून माझ्या लुगड्यांखाली ठेवणार आहे. सूनबाई तिथे उचकते की काय ते बघायला हवं. आणि एक राहिलं. वन्सं गेल्यावर मी पुष्कळ विचार केला, की तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं. मी ती भाकरी आधी कुत्र्याला घातली असती. आणि कुत्रं जगलं असतं, तरी सुनेवरचा संशय काही सोडला नसता.